झेंडूचं झाड कमरेएवढं, फूल मात्र नाही: कॅलगरी-एडमंटनच्या बागेतला दरवर्षीचा घोळ

जुलै संपत आला की झेंडूची झाडं कमरेला लागतात. खोड अंगठ्याएवढं जाड, पानं गर्द हिरवी, आणि कळीचा पत्ता नाही. ऑगस्टच्या शेवटी कुठे शेंड्यावर हिरवे गोळे दिसू लागतात. सप्टेंबरच्या मध्यावर एका रात्री पारा शून्याला टेकतो आणि सकाळी सगळा वाफा काळा पडलेला असतो. शेवंतीचंही तेच. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या मराठी घरांमधून ही तक्रार दरवर्षी येते आणि दरवर्षी तोच सल्ला मिळतो: "खत कमी पडलं असेल, अजून घाला." बहुतेक वेळा खत कमी पडलेलं नसतं. मूळ कारण आहे दिवसाची लांबी, आणि खत वाढवलं की नुसती पानंच जास्त वाढतात.

आधी खात्री करून घ्या

उंच वाढणारा गेंदेदार झेंडू (हारांचा मोठा झेंडू) आणि बुटका, लालसर-पिवळा मखमली झेंडू या दोन वेगळ्या जाती आहेत. मखमली झेंडूला दिवस लांब असो की छोटा, फारसा फरक पडत नाही. पेरल्यापासून साधारण ५० ते ६० दिवसांत तो फुलतो. मोठ्या झेंडूला मात्र लांब रात्र लागते. म्हणून एकाच वाफ्यात दोन्ही लावले असतील तर निदान सोपं आहे. मखमली फुललाय आणि मोठा नुसता वाढतोय, तर दोष दिवसाच्या लांबीचा. दोन्ही फुलत नाहीत, तर सावली किंवा जास्तीचं नत्र. कळ्या आल्या पण तपकिरी होऊन गळल्या, तर रोग, कीड किंवा थंड ओल. फुलं आली पण हिरवी आणि वेडीवाकडी, तर तो वेगळाच प्रकार, त्याबद्दल खाली आहे. मखमली झेंडू लावलेलाच नसेल तर पुढच्या वर्षी चार रोपं मुद्दाम लावा. पंचवीस-तीस सेंटीमीटरच्या त्या झुडपांकडून जे कळतं ते माती तपासूनही कळत नाही.

दिवसाचा हिशेब

पुण्यात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. कॅलगरी ५१ अंश उत्तरेला आहे. तिथे २१ जूनचा दिवस साडेसोळा तासांचा, एडमंटनला तर सतरा. त्यात पहाटेचा आणि संध्याकाळचा संधिप्रकाश धरा. झाडाला तोही जाणवतो, आणि जूनमध्ये इथला संधिप्रकाश दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस मिनिटं रेंगाळतो. कॅलगरीत १५ ऑगस्टलासुद्धा दिवस साडेचौदा तासांचा असतो आणि १ सप्टेंबरला साडेतेरा. म्हणजे मोठ्या झेंडूला "आता फुलायला हरकत नाही" असा इशारा मिळतो तो ऑगस्टच्या उत्तरार्धात. त्यानंतर कळी धरायची, ती मोठी व्हायची, उमलायची, आणि हे सगळं आठ-दहा अंशांच्या रात्रींमध्ये. कॅलगरीत पहिला फ्रॉस्ट, म्हणजे पारा शून्याखाली जाणारी रात्र, सरासरीनं सप्टेंबरच्या मध्यावर येतो. शर्यत सुरू होण्याआधीच हरलेली असते.

भारतातून आणलेल्या किंवा हारातल्या सुक्या फुलांतून काढलेल्या बियांचं तर आणखी कठीण. भारतातले हारांचे वाण मोकळ्या, लांब हंगामासाठी निवडलेले आहेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा नारंगी गेंदा आणि पुसा बसंती गेंदा हे गाजलेले वाण भारतातसुद्धा फुलायला सव्वाशे दिवसांच्या आसपास किंवा त्याहून जास्त घेतात. कॅलगरीत शेवटचा फ्रॉस्ट मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत येऊ शकतो, आणि पहिला सप्टेंबरमध्ये. मोकळ्या आकाशाखाली हातात दिवस उरतात एकशेदहा-पंधरा. शिवाय गच्च पाकळ्यांच्या फुलात भरलेलं बी थोडं असतं, आणि संकरित फुलाचं बी पेरलं तर मूळ फूल परत मिळेलच असं नाही. पूजेच्या फुलाचं बी लावण्यामागची भावना समजते, पण फूल हवं असेल तर स्थानिक दुकानातलं बी घ्या. पाकिटावर उंची पाहा: ३० ते ४० सेंटीमीटरचे बुटके गेंदेदार वाण दिवसाच्या लांबीला कमी भीक घालतात. अँटिग्वा ही मालिका तर त्यासाठीच ओळखली जाते. ९० सेंटीमीटर आणि वर लिहिलं असेल तर पुढचा खोक्याचा उपाय केल्याशिवाय लावू नका.

खोक्याचा उपाय

रोपवाटिकावाले हा उपाय नेहमी करतात आणि घरी तो अगदी स्वस्तात होतो. रोप लहान असतानाच त्याला सलग दोन आठवडे लांब रात्री दाखवायच्या. एवढ्यावर त्याचा फुलण्याचा निर्णय होऊन जातो. पुढे जूनचा साडेसोळा तासांचा दिवस आला तरी ते माघार घेत नाही.

बी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरात पेरा. रोपांसाठीचं निर्जंतुक मिश्रण वापरा, बागेतली माती नको. बी अर्धा सेंटीमीटर खोल. ट्रेखाली २१ ते २४ अंश ऊब हवी. बेसमेंट सोळा-सतरा अंशांवर असतं, म्हणून तिथे ट्रेखाली हीट मॅट घालावी लागते. चार ते सात दिवसांत अंकुर येतात. अंकुर दिसले की झाकण लगेच काढा आणि दिवा वर १० ते १५ सेंटीमीटरवर आणा. दिवा लांब राहिला की रोपं काडीसारखी ताणतात आणि पुढे वाऱ्यात आडवी होतात.

दोन्ही बीजपर्णं (अंकुराची पहिली दोन पानं) पूर्ण उघडून पहिली खरी पानं डोकावली की खोका सुरू. दिवा सकाळी ८ ते संध्याकाळी ५, एकूण नऊ तास. संध्याकाळी ५ ते सकाळी ८ ट्रेवर पुठ्ठ्याचा जाड खोका पालथा घालायचा. कडांमधून उजेड येत असेल तर काळी चिकटपट्टी लावा. हे सलग १४ दिवस. मधे दोन रात्री राहून गेल्या तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून करा. आणि अंधार म्हणजे अंधार: वॉशिंग मशीनजवळचा दिवा कुणी रात्री अकराला दोन मिनिटं लावला तरी रात्र मधे तुटते. रात्र तोडायला मिणमिणता उजेडसुद्धा पुरतो. बेसमेंटच्या खोलीला खिडकी नसेल आणि तिथे रात्री कुणी जात नसेल, तर खोकाही नको, टायमर पुरे.

इथेच बहुतेकांचं चुकतं. रोपांचे दिवे सहसा सोळा तासांवर लावलेले असतात, कारण टोमॅटो-मिरचीला तेच लागतं. त्याच दिव्याखाली झेंडूचा ट्रे ठेवला की जन्मापासून त्याला जूनचा दिवस मिळतो. टोमॅटो आणि झेंडू एका फळीवर ठेवू नका.

चौदा दिवसांनंतर दिवा चौदा तासांवर न्या आणि रोपं आठ-नऊ सेंटीमीटरच्या कुंडीत हलवा. पाणी खालून द्या आणि छोटा पंखा मंद चालू ठेवा, नाहीतर मातीलगत खोड कुजून रोपं रात्रीत आडवी पडतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात रोपं बाहेर सवयीला काढा: पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग आठ-दहा दिवसांत वाढवत नेऊन पूर्ण ऊन. कॅलगरी हजार मीटरवर आहे, ऊन तिखट आणि वारा कोरडा. घाई केली तर पानं पांढरी पडतात. व्हिक्टोरिया डेच्या (मेच्या उत्तरार्धातली कॅनडाची सुट्टी) लाँग वीकेंडला सगळं गाव रोपं लावतं, पण झेंडूसाठी तारखेपेक्षा रात्रीचं तापमान पाहा. रात्री सात-आठ अंशांच्या वर स्थिरावल्या की लावा. थंड मातीत मुळं स्फुरद उचलू शकत नाहीत, पानं जांभळट होतात आणि रोप दोन-तीन आठवडे हलत नाही. २० मेला लावलेलं आणि १ जूनला लावलेलं रोप जुलैत सारखंच दिसतं. हे सगळं नीट झालं तर जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पहिली फुलं.

शेंडा खुडावा का? पुण्यात खुडतात, झाड पसरतं आणि फुलं वाढतात. इथे प्रत्येक खुडणीला दहा-चौदा दिवस जातात. मोठ्या झेंडूचा शेंडा एकदाच, तोही बाहेर लावण्याआधी खुडायचा असेल तर खुडा. जूनच्या मध्यानंतर कात्री फक्त सुकलेल्या फुलांसाठी.

नत्र, सावली, रस्त्यावरचा दिवा

दिवसाची लांबी सांभाळूनही फूल आलं नाही तर या तीन गोष्टी पाहा. वाफ्यात दरवर्षी शेणखताच्या पिशव्या ओतल्या जातात आणि वर लॉनचं खतही उडत येतं. लॉनच्या खताच्या पिशवीवरच्या तीन आकड्यांपैकी पहिला, म्हणजे नत्राचा, मोठा असतो आणि तो पानांना आवडतो, कळ्यांना नाही. झेंडूला लावताना दोन-तीन सेंटीमीटर जुनं कंपोस्ट मातीत मिसळलं की जमिनीत पुढे काही देऊ नका. कुंडीतल्या झाडाला मात्र दोन आठवड्यांतून एकदा, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं द्या, आणि पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा नसलेलं खत निवडा.

सावलीचं गणित इथे फसवं आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य ६२ अंशांवर असतो, २२ सप्टेंबरच्या सुमारास ३९ वर. १.८ मीटरच्या कुंपणाची सावली जूनमध्ये ९० सेंटीमीटरपर्यंत येते आणि सप्टेंबरमध्ये सव्वादोन मीटरपर्यंत. जूनमध्ये उन्हात दिसलेला वाफा, नेमका फुलायच्या वेळी सावलीत जातो. म्हणून दक्षिणेच्या कुंपणापासून अडीच मीटर तरी लांब लावा किंवा दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला.

गल्लीतला दिवा किंवा गॅरेजवरचा रात्रभर जळणारा बल्ब शेवंतीचा मोठा शत्रू. झाडाची दिव्याकडची बाजू हिरवी आणि पलीकडची कळ्यांनी भरलेली दिसली तर दुसरं काही शोधू नका. बल्ब बदलून हालचालीवर लागणारा लावा किंवा कुंडी हलवा.

शेवंती

शेवंती झेंडूहून हट्टी. ती कोवळ्या वयात दाखवलेल्या लांब रात्री लक्षात ठेवत नाही. कळी धरताना आणि वाढताना, दोन्ही वेळा तिला लांब रात्र हवी. छोटे दिवस सुरू झाल्यापासून फूल उमलेपर्यंत लवकरच्या वाणांना सहा-सात आठवडे लागतात, उशिराच्या वाणांना दहा-बारा. ऑगस्टच्या मध्यापासून मोजलं तर लवकरचं वाणसुद्धा ऑक्टोबर गाठतं. दुकानात सप्टेंबरमध्ये मिळणाऱ्या गोलमटोल कुंड्या काळं कापड टाकून वेळेआधी फुलवलेल्या असतात, किंवा उबदार भागातून आलेल्या. त्या बागेत लावल्या आणि हिवाळ्यातून वाचल्या तरी पुढच्या वर्षी वेळेवर फुलत नाहीत, तो दुकानदाराचा दोष नाही.

वाण निवडताना उत्तरेसाठी पैदास केलेले घ्या. मॅनिटोबातल्या मॉर्डेन संशोधन केंद्रानं आणि मिनेसोटा विद्यापीठानं लवकर फुलणाऱ्या, थंडी सोसणाऱ्या शेवंत्या काढल्या आहेत. मॉर्डेन हे नाव नावात असलेलं रोप दिसलं तर सोडू नका. नाहीतर शेवंती कुंडीत लावा, २५ ते ३० सेंटीमीटरच्या. शेंडे खुडणं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात थांबवा. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी ५ ला कुंडी गॅरेजमध्ये, सकाळी ८ ला बाहेर. गॅरेजची खिडकी झाकलेली हवी. कळीला रंग दिसेपर्यंत हे चालू ठेवा, साधारण पाच-सहा आठवडे. काळं प्लास्टिक झाडावर टाकायचा मोह होतो, पण जुलैच्या पाच वाजता ऊन अजून डोक्यावर असतं. आत भट्टी होते, आणि गरम रात्रीनंही शेवंतीची कळी रेंगाळते. रोजची ही ने-आण कंटाळवाणी आहे. दोन कुंड्यांपुरतीच करावी.

कळ्या बिघडतात तेव्हा

कळी तपकिरी आणि मऊ, वर करडी बुरशी: गर्दी आणि रात्रीची ओल. संध्याकाळी वरून पाणी मारणं बंद करा, मोठ्या झेंडूत ३० सेंटीमीटर अंतर ठेवा. पाकळ्या कुरतडलेल्या पण कीड दिसत नाही: इअरविग (शेपटीला चिमटा असलेले छोटे किडे), रात्री खातात. ओलं वर्तमानपत्र गुंडाळून झाडाखाली ठेवा आणि सकाळी साबणाच्या पाण्यात झटका.

फूल हिरवं, पाकळ्यांच्या जागी पानांसारखे तुकडे, फांद्या पिवळ्या आणि झाडूसारख्या: हा अ‍ॅस्टर यलोज नावाचा रोग. प्रेअरीत, म्हणजे इथल्या सपाट गवताळ पट्ट्यात, तो नेहमीचा आहे. तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, आणि झेंडू, शेवंती, कॉसमॉस, एकायनेशिया सगळ्यांना होतो. औषध नाही. झाड मुळासकट उपटून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. "अजून एक आठवडा बघू" म्हणत ठेवलेलं झाड शेजारच्या वाफ्यालाही आजार देतं.

गारांसाठी अंदाज पाहणं एवढंच हातात आहे. कॅलगरी गारांच्या पट्ट्यात आहे. १३ जून २०२० च्या गारपिटीनं शहराच्या ईशान्य भागातली घरंच फोडली, तिथे झेंडूची काय कथा. चार खुंट ठोकून वर शेडनेट ताणायची सोय ठेवा. जूनमध्ये मोडलेलं झाड बगलेतून फुटतं, ऑगस्टमध्ये मोडलेलं नाही.

डेलिया

डेलियाची तक्रार वेगळी आहे, तिथे वेळ कमी पडतो. ताटाएवढ्या फुलांच्या वाणांना कंदापासून फुलापर्यंत ११०-१२० दिवस लागतात, छोट्या आणि पॉमपॉम वाणांना ९० च्या आसपास. कंद थेट १ जूनला मातीत घातला तर मोठं फूल फ्रॉस्टच्या तोंडाशी येतं. म्हणून एप्रिलच्या मध्यावर कंद घरात चार लिटरच्या कुंडीत, डोळा वर करून, जेमतेम ओल्या मातीत. कोंब दिसेपर्यंत जवळजवळ पाणी नको, कंद कुजतात. माती १५ अंश झाली की बाहेर. शेंडा खुडायचाच तर तीन-चार पानांच्या जोड्या असताना, जूनच्या मध्याआधी.

फ्रॉस्टची पहिली रात्र आणि दसरा

कॅलगरीत पहिल्या फ्रॉस्टनंतर बऱ्याचदा दोन-तीन आठवडे पुन्हा सुंदर ऊन पडतं. ती एक-दोन रात्रींची आपत्ती टाळली की हंगाम लांबतो. झेंडू आणि डेलिया शून्य ते उणे एकला संपतात, शेवंती उणे तीनपर्यंत तग धरते. आकाश निरभ्र, वारा बंद आणि अंदाज तीन अंशांचा असेल तरीही झाका, कारण उतारावरच्या खोलगट वाफ्यात पारा अंदाजापेक्षा दोन-तीन अंश खाली जातो. दुपारी मातीला पाणी द्या. सूर्यास्ताआधी फ्रॉस्ट क्लॉथ किंवा जुनी चादर झाडावरून थेट जमिनीपर्यंत सोडा आणि कडांवर विटा ठेवा. झाडाच्या खोडाशी चादर बांधली तर जमिनीची ऊब आत येतच नाही. प्लास्टिक पानाला टेकलं तर टेकलेलं पान जळतं. सकाळी ऊन आलं की काढा.

२०२६ मध्ये अधिक मासामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला येतो. बाप्पासाठी बागेतली फुलं बहुतेक मिळतील, दसऱ्याच्या तोरणासाठी मात्र वाफ्यावर भरवसा ठेवू नका. त्यासाठी जूनच्या शेवटी बुटक्या गेंदेदार झेंडूची सहा-सात रोपं वेगळ्या कुंड्यांत पेरा, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांना शेवंतीसारखं गॅरेजचं वेळापत्रक द्या आणि सप्टेंबरपासून दिवसा बाहेर, रात्री गॅरेजमध्ये ठेवा. गॅरेज पाच अंशांच्या खाली जाऊ लागलं की कुंड्या घरातल्या दक्षिणेच्या खिडकीत. तिथे नवीन कळ्या फारशा धरत नाहीत, पण आलेल्या कळ्या उमलतात. तोडलेली फुलं कोरडी करून, भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आठवडाभर टिकतात. ओली ठेवली तर तिसऱ्या दिवशी वास येतो.

एवढा खटाटोप नको असेल तर त्याच वाफ्यात पिओनी लावा. तिला इथली कडाक्याची थंडी हवीच असते आणि जूनअखेर ती फुलते. ती फुलत नसेल तर कारण जवळजवळ एकच: कंदाचे लाल डोळे मातीत पाच सेंटीमीटरपेक्षा खोल गेलेत. सप्टेंबरमध्ये उकरून वर घ्या, आणि पुढचं एखादं वर्ष तिला हात लावू नका.